खातं बंद करण्याआधी माळा रिकामा करा

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान हलवायला दोन दिवस पुरले. महिना गेला तो माळा उपसण्यात आणि पत्ते बदलण्यात. गॅस, बँक, महावितरण, विमा, मुलीची शाळा. त्याच गडबडीत दुसऱ्या मजल्यावरचे काका फोन पुढे करत आले.

"अरे, परवा घोडबंदर रोडला भाड्याचं घर बघून आलो. तेव्हापासून फोनवरच्या जाहिरातींत जो उठतो तो मला सोफा विकतोय. माझं काय काय लिहून ठेवलंय यांनी? पुसून टाक सगळं."

"पुसू या काका, पण आज नाही. आज फक्त कुठे कुठे खाती आहेत त्याची यादी करू."

काकांना ते पटलं नाही. त्यांना खातं आणि त्यातली माहिती एका दमात पुसणारं एक लाल बटण हवं होतं. तसं बटण असतं, प्रत्येक मोठ्या सेवेत असतं, पण ते आधी दाबलं की काय होतं ते मी भोगलेलं आहे. कॉलेजच्या काळातला एक ईमेल पत्ता नुसता कचऱ्याने भरलाय म्हणून मी उत्साहाच्या भरात बंद करून टाकला. तीन महिन्यांनी कळलं की एका गुंतवणुकीच्या खात्याचा पासवर्ड बदलायची लिंक त्याच पत्त्यावर जाते. मग फॉर्म, सहीची पडताळणी, रद्द केलेला चेक आणि दोन हेलपाटे.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी यादी, मग हवं ते काढून घेणं, मग दोऱ्या सोडवणं, मग आतला साठा पुसणं, आणि खातं बंद करणं सगळ्यात शेवटी. खरं तर बऱ्याच जणांना शेवटच्या पायरीपर्यंत जावंच लागत नाही.

यादी

फोनवरची ॲप्स बघून यादी करू नका. ॲप काढून टाकलं म्हणजे खातं गेलं असं नसतं. चप्पल दाराबाहेर काढली म्हणून माणूस घराबाहेर जात नाही, तसंच. खरी यादी तीन ठिकाणी सापडते.

पहिली, ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड. अँड्रॉइडवर गूगलच्या सेटिंगमध्ये 'पासवर्ड मॅनेजर' उघडा. आठ-दहा वर्षांत कुठे कुठे नाव नोंदवलं ते तिथे निघतं. काकांच्या यादीत १०४ नोंदी निघाल्या, त्यात दोन लग्न जुळवणाऱ्या साइट. मुलीच्या वेळच्या, म्हणाले. मुलीचा मुलगा आता पाचवीत आहे.

दुसरी, गूगल खात्यातलं 'थर्ड पार्टी ॲप्स अँड सर्व्हिसेस'. 'साइन इन विथ गूगल' करून जिथे जिथे शिरलात ती दारं इथे दिसतात. फेसबुकने शिरला असाल तर त्याची यादी तिथल्या 'ॲप्स अँड वेबसाइट्स'मध्ये.

तिसरी, ईमेलचा शोध. 'वेलकम', 'व्हेरिफाय', 'सबस्क्रिप्शन' हे शब्द एकेक करून टाका आणि निकाल जुन्यापासून बघत या.

हे सगळं वहीत उतरवा. वहीतच, कारण पुढचे तीन महिने तारखा लिहाव्या लागणार आहेत. प्रत्येक नावापुढे एक खूण करा: पैसा किंवा सरकारी काम गुंतलंय, आठवणी गुंतल्यात, किंवा काहीच नाही. तिसऱ्या खुणेची खाती लगेच बंद करायला हरकत नाही. काकांची शंभरातली साठेक खाती तीच होती आणि ती दोन संध्याकाळींत निकालात निघाली.

एक सूचना इथेच. मेनूतली नावं मी इंग्रजीच पण देवनागरीत देतोय, कारण बहुतेकांचा फोन इंग्रजीत असतो. ही नावं आणि त्यांच्या जागा कंपन्या सारख्या बदलतात. पाटी सापडली नाही तर सेटिंगमध्ये वरच्या शोधचौकटीत 'डिलीट' किंवा 'डाउनलोड' टाकायचं.

हवं ते काढून घ्या

गूगलची सोय म्हणजे टेकआउट. ब्राउझरमध्ये टेकआउट डॉट गूगल डॉट कॉम उघडलं की सगळ्या सेवांची यादी येते आणि सगळ्यांवर आधीच टिचकी मारलेली असते. 'डिसिलेक्ट ऑल' करा आणि हवं तेवढंच निवडा: फोटो, मेल, ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट्स. फाइलचा आकार निवडायला सांगतात. घरच्या कॉम्प्युटरसाठी २ जीबीचे तुकडे बरे, वाय-फाय मध्येच गेलं तर सगळं पुन्हा उतरवावं लागत नाही. तयार व्हायला काही तास लागतात, कधी काही दिवसही. लिंक ईमेलवर येते आणि साधारण आठवडाभरच चालते, म्हणून गावी जायच्या आदल्या दिवशी ही मागणी करू नका.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं दोन्ही 'अकाउंट्स सेंटर'मधून होतं. 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये माहिती उतरवून घ्यायचा पर्याय आहे. तिथे दोन स्वरूपं विचारतात. स्वतः उघडून वाचायचं असेल तर एचटीएमएल घ्या. जेसन हे दुसऱ्या प्रोग्रामला भरवण्यासाठी असतं, उघडलंत तर महिरपी कंसांचं जंगल दिसेल. फोटोंचा दर्जा 'हाय' करायला विसरू नका.

व्हॉट्सॲपचं जरा वेगळं आहे. सेटिंगमधल्या 'रिक्वेस्ट अकाउंट इन्फो'ने तीनेक दिवसांत अहवाल मिळतो, पण त्यात तुमचे संदेश नसतात. हवी ती चॅट एकेक करून 'एक्सपोर्ट' करावी लागते.

उतरवलेली फाइल उघडून बघा. खरंच उघडा. झिप फाइल अर्धवट उतरलेली असते आणि ते खातं गेल्यावर समजतं.

फोटोंबद्दल स्वतंत्र इशारा, कारण सर्वांत जास्त रडारड इथेच होते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो पुसला की तो क्लाउडमधून (म्हणजे गूगलच्या सर्व्हरवरून) आणि फोनमधून, दोन्हीकडून जातो. 'क्लाउडमधला काढतो, फोनमधला राहील' असं समजून लोक बारशापासूनचे फोटो उडवतात. बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. फोनमधले ठेवून फक्त क्लाउडमधले घालवायचे असतील तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये त्या फोनचा बॅकअप मागे घेण्याचा वेगळा पर्याय आहे, तो वापरा. आणि त्याआधी फोटो एका हार्ड डिस्कवर असू देत.

दोऱ्या सोडवा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचंही. जो ईमेल किंवा मोबाइल नंबर तुम्ही सोडणार आहात तो कुठे कुठे बांधलेला आहे ते बघून तिथे नवा द्यायचा. बँक, डीमॅट, आयकर पोर्टल, पीएफ, आधार, डिजिलॉकर, विमा, महावितरण, ठाणे महापालिकेचा मालमत्ता कर. प्रत्येक ठिकाणी बदल केल्यावर एकदा बाहेर पडून नव्या पत्त्यावर ओटीपी येतो का ते बघा.

'साइन इन विथ गूगल'ने उघडलेल्या सेवांना आधी स्वतंत्र पासवर्ड द्या, मग जोड तोडा. उलट केलंत तर त्या सेवेचं दार बाहेरून बंद आणि किल्ली आत.

यूपीआयचं ॲप नुसतं काढू नका. आधी ऑटोपेचे मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्या, रद्द करा, मग जोडलेलं बँक खातं काढा, मग ॲपमधलं प्रोफाइल बंद करा. दुकानांच्या साइटवर जपलेल्या कार्डांची भीती आता थोडी कमी आहे, कारण १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे एक पर्यायी आकडा, असतं. ते टोकनही कार्डांच्या यादीतून काढून टाकता येतं. काढा.

मोबाइल नंबर सोडताना जास्त सावध राहा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमची जुनी खाती त्या नंबरला बांधलेली राहिली तर त्यांचे ओटीपी उद्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजतील.

आतला साठा पुसा

काकांच्या सोफ्याचं उत्तर या पायरीत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

गूगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' उघडा. तिथे 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' आणि 'यूट्यूब हिस्ट्री' असे दोन हौद आहेत. सोबत 'टाइमलाइन' आहे, तिचं खाली बघू. पहिल्या हौदात तुम्ही काय शोधलं, कुठली ॲप्स उघडली, नकाशावर काय बघितलं हे सगळं पडतं. आधी मायॲक्टिव्हिटी डॉट गूगल डॉट कॉमवर जाऊन नुसतं वाचा. काकांनी अर्धा तास वाचलं. मध्येच म्हणाले, "अरे, हे तर मलासुद्धा आठवत नव्हतं."

मग 'ऑटो-डिलीट' लावा. ३ महिने, १८ महिने, ३६ महिने असे पर्याय आहेत. मी ३ लावतो. एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. जून २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना १८ महिन्यांचं आपोआप पुसणं मुळातच लागलेलं असतं, पण त्याआधीच्या खात्यांना ते स्वतःहून लावावं लागतं. म्हणजे ज्यांचं खातं जितकं जुनं, त्यांचा साठा तितका मोठा. काकांचं खातं २००९ चं. जुना साठा एकदम काढायला त्याच पानावर 'डिलीट', आणि त्यात 'ऑल टाइम'.

टाइमलाइन म्हणजे तुम्ही कुठे कुठे फिरलात त्याची रोजनिशी. २०२४ पासून ती गूगलच्या सर्व्हरऐवजी तुमच्या फोनमध्येच ठेवायची पद्धत सुरू झाली. मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून 'युवर टाइमलाइन'मध्ये जा, तिथल्या सेटिंगमधून पुसा, आणि तिचा क्लाउड बॅकअप चालू आहे का तेही बघा. पण टाइमलाइन पुसली म्हणजे ठिकाणं गेली असं समजू नका. तलावपाळीवर उभं राहून 'जवळचं औषधाचं दुकान' शोधलंत तर ढोबळ ठिकाण वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटीतही पडतं. दोन्हीकडे झाडू मारायला हवा.

जाहिरातींचं पर्सनलायझेशन (तुमच्या माहितीवरून जाहिराती निवडणं) बंद करणं आणि माहिती पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने फक्त सोफे दिसायचे थांबतात. गूगलकडची नोंद तशीच राहते.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या, घरात याच कामाचं नाव 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. इतर साइट आणि ॲप्स तुमच्याबद्दल फेसबुकला जे कळवतात त्याची ही यादी. फर्निचरच्या साइटवर काकांनी काय पाहिलं हे फेसबुकला कसं कळलं, ते इथे नावानिशी दिसलं. 'क्लिअर प्रीव्हियस ॲक्टिव्हिटी' करा आणि पुढची जोड तोडायचा पर्यायही निवडा, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा भरतं. तिथेच चढवलेले कॉन्टॅक्ट्स शोधून काढून टाका. ते नंबर तुमचे नसतात, तुमच्या ओळखीच्या माणसांचे असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

खरेदीच्या साइटवर जुन्या ऑर्डरी तुम्हाला खोडता येत नाहीत, पण जपलेले पत्ते येतात. आम्ही घर सोडल्यावर माझ्या एका खात्यात सहा पत्ते निघाले, दोन माहेरच्यांचे. एकीकडे तर 'वॉचमनकडे द्या, दुपारी घरी कुणी नसतं' अशी सूचना होती. चोराला आमंत्रणपत्रिकाच.

ट्रूकॉलरमध्ये (फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ॲप) दोन पायऱ्या आहेत आणि लोक एकावरच थांबतात. आधी ॲपमधून खातं 'डिॲक्टिव्हेट' करा, मग त्यांच्या साइटवरच्या 'अनलिस्ट' पानावर देशाच्या कोडसकट नंबर द्या. खातं चालू असताना अनलिस्ट होत नाही. पुन्हा ॲप वापरायला लागलात की नंबर परत यादीत.

आता लाल बटण

फेसबुक आणि इन्स्टाग्रामला 'डिॲक्टिव्हेट' आणि 'डिलीट' हे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. पहिल्याने फक्त पडदा ओढला जातो. दुसरा निवडल्यावर ३० दिवस विचार बदलायची मुभा असते, आणि त्यानंतर सगळं पुसायला एकूण ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. दुसऱ्यांना पाठवलेले संदेश त्यांच्या इनबॉक्समध्ये राहतातच. तुमच्या गणेशोत्सव मंडळाच्या किंवा सोसायटीच्या फेसबुक पेजचा पूर्ण ताबा एकट्या तुमच्याकडे असेल तर तुमच्या खात्याबरोबर पेजही जाईल. आधी दुसऱ्या कार्यकर्त्याला ताबा द्या, नाहीतर ऐन भाद्रपदात लोक तुमच्या दारात.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, अकाउंट, 'डिलीट माय अकाउंट'. संदेश, ग्रुप आणि गूगलवरचा बॅकअप जातो. कंपनीकडची माहिती पुसायला ९० दिवसांपर्यंत वेळ. फक्त नंबर बदलायचा असेल तर हे करू नका, 'चेंज नंबर' वापरा.

ॲमेझॉनचं खातं बंद केलं की किंडलची पुस्तकं आणि गिफ्ट कार्डातले पैसेही जातात. आधी संपवा.

गूगलमध्ये संपूर्ण खातं न मोडता फक्त एक सेवा काढता येते, आणि मला तोच मार्ग शहाणपणाचा वाटतो. 'डिलीट अ गूगल सर्व्हिस'मधून जीमेल घालवून बाकी ठेवता येतं. सगळंच बंद केलं तर गूगलच्या सांगण्यानुसार पूर्ण पुसायला साधारण दोन महिने लागतात, त्यात महिनाभराची परतीची मुदत धरलेली असते. बॅकअपमधून जायला सहा महिन्यांपर्यंत.

जुना फोन विकणार असाल तर आधी फोनमधून गूगल खातं काढा, मगच फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन नव्यासारखा कोरा करणं. नाहीतर घेणाऱ्याला तो फोन तुमचाच पासवर्ड मागत बसेल आणि स्टेशनजवळचा दुकानदार तुम्हाला परत बोलावेल.

बटणच नसेल तर पत्र

काही सेवांना पुसायचं बटणच नसतं. त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. मी असं लिहितो:

"माझ्या अमुक नंबरवर नोंदलेल्या खात्यासाठी दिलेली संमती मी मागे घेत आहे. आपल्याकडे माझी कोणती वैयक्तिक माहिती आहे आणि ती कोणाला दिली आहे हे कळवावे. ती माहिती पुसावी व तसे लेखी कळवावे. काही माहिती ठेवणे आवश्यक असल्यास ती कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या तारखेपर्यंत ठेवणार हे सांगावे."

शेवटचं वाक्य सोडू नका. 'धोरणानुसार' एवढ्या एका शब्दावर बोळवण करणाऱ्यांना त्याने नेमकं उत्तर द्यावं लागतं. आधार किंवा पॅनची प्रत मागितली तर लगेच पाठवू नका. नोंदलेल्या नंबरवर ओटीपी पाठवून ओळख पटवा असं सांगा. माहिती पुसून घ्यायला आणखी माहिती द्यायची हा कुठला न्याय?

कायद्याची बाजू थोडक्यात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कलम १२ खाली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं असं कलम ६ म्हणतं. संमतीची विनंती मराठीतही मिळण्याचा पर्याय द्यावा लागणार आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची सवड असल्याने त्या मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. सोशल मीडियासारख्या सेवांसाठी २०२१ चे आयटी नियम आधीपासून आहेत: तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल ७ दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवस होती), आणि समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

सगळं पुसलं जाईल अशी आशा मात्र ठेवू नका. त्याच २०२१ च्या नियमांनुसार खातं बंद केल्यावरही नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवावी लागते. बँकांना मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली खातं बंद झाल्यावर पाच वर्षं कागद ठेवावे लागतात. तिथे भांडण्यात अर्थ नाही.

तारखा वहीत लिहा: विनंती कधी केली, ३० दिवस कधी होतात, ९० कधी. आणि मधल्या काळात 'गेलं का बघू' म्हणून लॉगिन करू नका.

काकांनी केलं. एका सोशल मीडिया खात्याच्या सव्विसाव्या दिवशी. पडद्यावर 'कॅन्सल डिलीशन' असं ठळक बटण आलं. काकांनी फक्त पहिला शब्द वाचला, खातं एकदाचं कॅन्सल करायला सांगतायत असं समजून ते दाबलं आणि मला फोन केला, "झालं बघ, स्वतःच्या हाताने कॅन्सल केलं." वहीत आम्ही जुनी तारीख खोडून नवी घातली. आता वही त्यांच्या सुनेच्या ताब्यात आहे, पासवर्डही.